व्यायामानंतर कट्स कुठे जातात? या चुका टाळा

जिममध्ये शिरताना खांदा कुठे संपतो आणि दंडाची बेटकुळी कुठे सुरू होते, ती रेघ आरशात नीट दिसत असते. पंधरा-सोळा सेट मारून झाले की दंड टरटरून फुगलेला असतो, रेघ मात्र पुसट होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दंड आणखीच गोल दिसतो. बेळगावात टिळकवाडीतल्या एसी जिमपासून खानापूरकडच्या पत्र्याच्या शेडपर्यंत तक्रार एकच, "एवढं मारलं आणि कट्सच (स्नायू वेगळे दाखवणाऱ्या या रेघा) गेले." खरं तर गेलेलं काहीच नसतं, स्नायूत पाणी आलेलं असतं. घोटाळा होतो तो पुढे, हे पाणी घालवायच्या नादात.

निपाणी-चिकोडीकडे उसाच्या सऱ्या पाहिलेल्यांना हे पटकन कळेल. सरीत पाणी भरलं की वरंबा तेवढाच असतो, पण दिसतो कमी. दोन स्नायूंमधली खाच म्हणजे ती सरी. सेट मारताना स्नायूकडे रक्ताचा ओघ वाढतो, रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून झिरपून स्नायूत आणि त्याच्या आजूबाजूला साचतं. यालाच आपण पंप म्हणतो. ज्याच्या अंगावर चरबीचा थर पातळ आहे (पुरुषात साधारण 10 ते 12 टक्के) त्याला पंपमध्ये शिरा आणि रेघा उठून दिसतात. थर जाड असेल तर तोच पंप खाचा भरून काढतो. हा फुगवटा एक-दोन तासांत बराचसा ओसरतो.

दुसऱ्या दिवशीची सूज वेगळी. "पाय भरून आलेत" असं आपण म्हणतो, ते शब्दशः खरं आहे. स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, दुरुस्तीसाठी तिथे पाणी आणि पेशी जमा होतात. दुखणं 24 ते 72 तासांत सर्वात जास्त असतं, सूज त्याहून एखादा दिवस जास्तही रेंगाळते. वजन खाली आणताना स्नायू ताणत काम करतो, तेव्हा इजा सर्वात जास्त होते. म्हणूनच स्क्वॉटनंतर गुडघ्याच्या वर आतल्या बाजूचा तो थेंबाच्या आकाराचा स्नायू दोन-तीन दिवस बेपत्ता असतो. स्पर्धेतली अनुभवी मंडळी स्टेजच्या मागे हलक्या वजनाने खांदे, छाती, दंड पंप करतात आणि मांड्यांना सहसा हात लावत नाहीत, त्याचं कारणही खाचा भरून जाण्याची भीती. गणपतीच्या मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी लेग डे (पायांचा व्यायाम) ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आधी ओळखा: फुगलंय की बसलंय?

स्नायू सुजला किंवा त्यातला साठा संपून तो बसला, दोन्हींत कट्स कमी दिसतात, पण उपाय उलटे आहेत. टेप घ्या. दंड सैल सोडून, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, पेनाने खूण करून मोजा. व्यायामाआधीचा आकडा वहीत हवा. दुसऱ्या दिवशी माप वाढलेलं, स्नायू दाबल्यावर कडक आणि दुखरा असेल तर ती सूज आहे. माप तेवढंच किंवा कमी, हाताला मऊ लागतं, सेट मारतानाही पंप आला नव्हता, तर स्नायू रिकामा आहे. सूज असेल तर थांबायचं. रिकामा असेल तर खायचं आणि प्यायचं.

चूक पहिली: पाणी तोडणं

ही सर्वात महागात पडते. पाणी कमी केलं की शरीर आहे ते पाणी आणि मीठ धरून ठेवतं, रक्त दाटतं, पंप येत नाही आणि स्नायू सपाट दिसतात. त्यापेक्षा व्यायामाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. जितके किलो उतरले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या तीन-चार तासांत थोडं थोडं प्या. अर्धा किलो उतरलं असेल तर साधारण पाऊण लिटर. लघवी फिकट पिवळी असली की पुरे.

याच रांगेत लघवी वाढवणाऱ्या गोळ्या येतात. जिममध्ये "पाण्याची गोळी" म्हणून हातोहात मिळते. तिने रक्तातल्या पोटॅशियमचा तोल जातो आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. स्पर्धा असो नाहीतर फोटोशूट, डॉक्टरांनी दिल्याशिवाय ती घ्यायची नाही. सूज उतरावी म्हणून रोज वेदनाशामक खाणंही तसंच. अंगात पाणी कमी असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

चूक दुसरी: भात-भाकरी बंद

"कट्स गेले, कार्ब (भात-भाकरीतली कर्बोदकं) बंद" हा निर्णय तर ठरलेलाच. स्नायूत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (कार्बपासून बनलेला साखरेचा साठा) सुमारे 3 ग्रॅम पाणी स्नायूच्या आत राहतं. स्नायू भरीव दिसतो तो याच पाण्यामुळे. जोरकस व्यायामात हा साठा उतरतो. तो भरला नाही तर स्नायू बसका दिसतो, आणि वरची चरबी आहे तिथेच असते. रोज तासभर वजन मारणाऱ्याला शरीराच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला 3 ते 5 ग्रॅम कार्ब पुरतात. म्हणजे 70 किलोच्या माणसाला 210 ते 350 ग्रॅम. मध्यम जोंधळ्याच्या भाकरीत 35 ते 40 ग्रॅम, शिजलेल्या 150 ग्रॅम भातात जवळपास 40. हिशेब केला तर दोन भाकरी आणि वाटीभर भात हा काही अपराध नाही. चरबी कमी करायची असेल तर दिवसभराच्या एकूण कॅलरी 300 ते 500 ने कमी करा, व्यायामानंतरचं जेवण कापू नका.

आणि कुंदा, आपली बेळगावची खव्याची मिठाई? रात्री कुंदा खाल्ला, सकाळी अंग सुटल्यासारखं दिसलं, ती चरबी नव्हे. एक किलो चरबी चढायला खर्चापेक्षा सुमारे 7,700 कॅलरी जास्त लागतात. तेवढा कुंदा एका बैठकीत कुणाच्याच पोटात जात नाही, पैजेचं सोडा.

मिठाचा परिणाम मात्र सकाळी आरशात दिसतो. सलाईनच्या एक लिटर बाटलीत 9 ग्रॅम मीठ असतं, यावरून अंदाज घ्या. नेहमीपेक्षा 4-5 ग्रॅम मीठ जास्त गेलं तर मूत्रपिंड ते बाहेर काढेपर्यंत जवळपास अर्धा लिटर पाणी अडकू शकतं. मिसळ, वर फरसाण, घरी आल्यावर लोणचं-पापड, असा दिवस गेला की पोटावरची रेघ एक-दोन दिवस धूसर. उपाय मीठ शून्य करण्याचा नाही, रोज सारखं ठेवण्याचा आहे.

चूक तिसरी: सूज असताना पुन्हा तेच मारणं

कट्स परत आणायला दुसऱ्या दिवशी पुन्हा दंड, वर ड्रॉप सेट (वजन उतरवत न थांबता मारलेले सेट). सुजलेल्या स्नायूला आणखी इजा, म्हणून आणखी सूज, म्हणून आणखी व्यायाम. हे चक्र तोडायला त्या स्नायूला 48 ते 72 तास द्या. नवा व्यायाम पहिल्या आठवड्यात 2 सेट, पुढे 3, मग 4. तोच व्यायाम दुसऱ्यांदा करताना इजा आपोआप कमी होते, त्यामुळे दर आठवड्याला व्यायाम बदलत राहणाऱ्याची सूज कधीच उतरत नाही. तालमीतली हलकी मालीश चालेल. दुखऱ्या स्नायूवर कोपर रोवून रगडून घेणं नको.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत रात्रपाळी करून सकाळी थेट जिमला जाणाऱ्यांची अडचण झोपेची असते. आधी पाच-सहा तास झोपून मग व्यायाम केलेला बरा. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलो वजन वाढतं, ते मुख्यतः स्नायूतलं पाणी, घाबरू नका. सुरुवातीचा रोज 20 ग्रॅमचा मोठा डोस (लोडिंग) टाळून 3 ते 5 ग्रॅमच घेतलं तर ही वाढ तीन-चार आठवड्यांत हळूहळू होते. बायकांना पाळीच्या आधीचे काही दिवस अंग जड वाटतं, तेव्हाचा फोटो तुलनेला धरू नये.

फोटो कधी काढायचा

जिममधला दिवा डोक्यावर असतो, त्याची सावली खाचांत पडते. घरातली ट्यूबलाइट समोरून सपाट उजेड टाकते. अंग तेच, फोटो दोन. त्यात बेळगावची डिसेंबरातली सकाळ. थंडीने कातडीजवळच्या शिरा आकसतात, म्हणून मे महिन्यातल्या फोटोशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी, त्याच खिडकीपाशी, मोबाईल दोन मीटरवर ठेवून फोटो काढा. त्या स्नायूचा व्यायाम होऊन तीन दिवस झालेले असावेत. सोबत बेंबीपाशी कमरेचं माप. कंबर उतरतेय आणि उचलायची वजनं चढतायत, तर काम बरोबर चाललंय.

कधी कधी सूज साधी नसते. सवय नसताना पैजेवर पाचशे बैठका मारल्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या, जिना उतरवत नाही आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरली असण्याची शक्यता असते. त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. एकच हात किंवा एकच पोटरी सुजली, निळसर पडली, शिरा तट्ट उभ्या राहिल्या, तर शिरेत गुठळी असू शकते. दोन्ही वेळा मालीश नाही, शेक नाही, त्याच दिवशी दवाखाना. किती सेट, किती बैठका, कोणती गोळी किंवा पावडर घेतली, हे डॉक्टरांना आकड्यांत सांगा आणि लघवीचा रंग लपवू नका. सीपीके ही स्नायूंची इजा दाखवणारी रक्ताची तपासणी करायची का, ते त्यावरूनच ठरतं.