रेझिनचा समुद्र : ओतण्याआधीची तयारी

इपॉक्सी रेझिन म्हणजे हार्डनर हा दुसरा द्रव मिसळला की घट्ट होणारा पारदर्शक द्रव. त्यात फळीवर समुद्राचे दृश्य करायचे म्हटले की रंगांची खरेदी आधी होते. विदर्भातल्या खेड्यात मात्र पहिली तयारी हंगाम ठरवण्याची आहे. या कामाला साधारण २२ ते २५ अंश तापमान मानवते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढला असताना मिश्रण कपातच तापून घट्ट होऊ लागते आणि पावसाळ्यातील दमट हवेने पृष्ठभागावर धुरकट, चिकट साय धरते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील दुपार निवडावी. रात्रीच्या गारठ्याने रेझिन दाट झाले असल्यास बंद बाटली कोमट पाण्यात ठेवून ते सैल करून घ्यावे. अडचण अशी, की नेमक्या याच दिवसांत घरोघरी वेचणीचा कापूस भरलेला असतो आणि ओल्या थरावर बसलेला त्याचा तंतू पुढे चिमट्यानेही नीट निघत नाही. तेव्हा छपरी टाळून खिडकी असलेली वेगळी खोली घ्यावी, फरशी ओल्या फडक्याने पुसून कोरडी होऊ द्यावी आणि फळीवर पालथा घालता येईल असा मोठा खोका आधीच झटकून ठेवावा.

फळी एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेली) असो वा सागाची, तिला सर्व बाजूंनी प्राइमर लावावा, कारण कोरे लाकूड हवा सोडते आणि बुडबुडे उठतात. मागच्या कडांना मास्किंग टेप लावून फळी चार पेल्यांवर ठेवावी व पाणसळीने आडवी-उभी तपासावी. किनाऱ्यासाठी वैनगंगेची किंवा वर्धेची वाळू चालते. उलट समुद्राच्या वाळूसारखे तिच्यात मीठ नसते हे सोयीचेच. ती चाळून, धुऊन, उन्हात पूर्ण वाळवावी.

एक चौरस फुटावर ३ मिलिमीटरचा थर देण्यास सुमारे २८० मिलिलिटर मिश्रण लागते. रेझिन व हार्डनरचे प्रमाण वेष्टनावर वजनाने दिले आहे की मापाने, हे नीट वाचावे; हार्डनर वाढवल्याने काम लवकर होत नाही, थर मऊ राहतो.

गडद निळा, मोरपंखी आणि फिकट हिरवट असे पारदर्शक रंग वेगवेगळ्या कपांत, तर फेसासाठी दाट पांढरी पेस्ट निराळी ठेवावी. लाट फुटते तेथे आधी रंगहीन रेझिनची पट्टी, तिच्या काठाने पांढऱ्याची बारीक धार, आणि मग हीटगनचा (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राचा) हलका झोत तिरपा फिरवला की पांढरा रंग पसरत जाऊन त्यात जाळी पडते व तिच्या छिद्रांतून खालचा निळा दिसतो. दुसरी लाट पहिला थर वाळल्यावरच, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून व पुसून ओतावी. तिच्या फेसाची सावली खालच्या थरावर पडते आणि खोली भासते ती त्यामुळेच. भारनियमनाची वेळ आधी विचारून घ्यावी, कारण रेझिन विजेसाठी थांबत नाही.

नायट्रिलचे हातमोजे आणि वाफ रोखणारा कार्ट्रिजचा मास्क हवाच. नाकाला बांधलेला दुपट्टा येथे निरुपयोगी आहे. त्वचेला लागलेले रेझिन साबणाने धुवावे, थिनरने पुसू नये. उरलेले मिश्रण कपात साचू न देता पातळ पसरवून कडक होऊ द्यावे, नालीत ओतू नये. फळी २४ तास झाकलेली असावी, आणि पुरता टणकपणा येण्यास आठवडाभर लागत असल्याने तोवर तिच्यावर काहीही टेकवू नये.