सामन्याच्या सकाळी सोबत कोण असावे?
शिवाजी पार्कवर सामना असलेल्या सकाळी खेळाडूच्या छातीत धडधड वाढते आणि तळहातांना घाम सुटतो, तेव्हा विश्वासातल्या माणसाच्या शांत सोबतीने हा ताण उतरू लागतो. असा माणूस आधीच ठरवून ठेवावा. तो प्रशिक्षकच असायला हवा असे नाही, आई किंवा जुना सहकारीही चालेल. त्याने दादरपर्यंतच्या लोकलमध्ये निवडीचा विषय काढू नये. डब्यातल्या पोह्यांविषयी बोलावे किंवा गप्प बसावे. धडधड फारच वाढली, तर दोघांनी मिळून ४ आकडे मोजत श्वास घ्यावा आणि ६ मोजत सोडावा, कारण लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळावे (त्याने टेन्शन उतरलेला खेळाडू माझ्या पाहण्यात नाही). हरल्यास चुकांची चर्चा त्याच संध्याकाळी घरी करू नये.