हिमोग्लोबिन वाढवायचंय? आधी चहाची वेळ हलवा

रिपोर्ट हातात असेलच. हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असलं की तो अ‍ॅनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना तो निघाला, तेव्हा लपवण्यासारखं काही नाही.

आधी डॉक्टर. लोह कमी आहे, बी-१२ कमी आहे की पाळीत फार अंगावरून जातंय, हे त्यांना ठरवू द्या. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या परस्पर सुरू करू नका. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारात हिमोग्लोबिन कमी दिसतं, पण अंगात लोह जास्त साचलेलं असू शकतं. आणि आकडा फार खाली असेल तर गोळ्या लागतातच. नुसत्या जेवणावर भागवा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

मग लाल रंगावरची श्रद्धा सोडा. सोलापुरात डाळिंब घरचं, केगावला तर त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे. त्यामुळे रक्त कमी म्हटलं की पाहुणे पिशवीभर डाळिंबं घेऊन येतात. जरूर खा, फळ चांगलं आहे. पण १०० ग्रॅम दाण्यांत लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं, बीटातही एकाच्या आतच. बाईला दिवसाला लागतं २९ मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा आकडा आहे. त्यापेक्षा १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ४ मिलिग्रॅम आणि मटकी-हुलग्यात त्याच्या दुप्पट. म्हणजे भाकरी, मोडाची उसळ, हुलग्याचं माडगं, शेवग्याच्या पाल्याची भाजी. मटण चालत असेल तर फारच बरं, कारण त्यातलं लोह अंगी जास्त लागतं आणि सोबतच्या भाजीभाकरीतलंही लागायला मदत होते.

आता खरी अडचण. हे सगळं ताटात असतानाही रक्त वाढत नाही, आणि बऱ्याच घरांत त्याचं एक कारण चहा असतो. चहातली तुरट द्रव्यं धान्य-कडधान्यातल्या लोहाला आतड्यातच धरून ठेवतात; ते रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. आधीच ज्वारीत, डाळीत फायटिक आम्ल असतं, तेही लोह अडवतं. त्यावर चहा म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

आहार सांगायच्या कामात मला याच पायरीने सगळ्यात जास्त दमवलंय. विडी वळणाऱ्या बाईची सकाळ बघा. कडक चहाच्या बशीत कालची भाकरी कुस्करलेली, तोच तिचा नाष्टा. दुपारी जेवून हात धुवेस्तोवर गॅसवर पुन्हा आधण. आणि लोहाची गोळी? तीही चहाच्याच घोटाबरोबर. अशा बाईला ‘चहा सोडा’ सांगणं निव्वळ वेळ घालवणं आहे. समोर मान डोलावतात, घरी गेल्या की पातेलं चढतं. सासूबाई वर म्हणतात, ‘चहाने कुणाचं रक्त आटलंय का?’

म्हणून चहा तोडू नका, हलवा. उठल्याउठल्या घ्यायचाय तर घ्या, पण नुसता; नाष्टा त्यानंतर तासाभराने. चहा-चपाती, चहा-भाकरी ही जोडी मात्र बंद. दुपारचा चहा जेवणानंतर दीड-दोन तासांनी. कॉफीलाही हाच नियम. ‘दूध घालतो, मग चालतं की’ असं कुणी म्हणालं तर चालत नाही. आणि हे एकट्या सुनेला जमत नाही. चारचा चहा सगळ्या घराचा ठरला तरच टिकतं.

चहाच्या जागी ताटात लिंबू आणा. क जीवनसत्त्वामुळे लोह शोषलं जाण्याजोगं होतं. पण लिंबू आमटी उकळताना पिळू नका, उष्णतेने त्यातलं क जातं. वाढल्यावर पिळा. पेरू किंवा आवळ्याची फोडही चालेल, फक्त त्याच जेवणात हवी.

कडधान्य भिजवून मोड आणा, फायटिक आम्ल कमी होतं. आमटी लोखंडी कढईत करा.

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. मळमळलं तर गोळी फेकू नका, डॉक्टरांकडून वेळ किंवा प्रकार बदलून मागा. महिन्याभरात आकडा चढायला हवा. चढला, दम लागायचा थांबला, तरी गोळ्या पुढे साधारण तीन महिने चालू ठेवायला सांगतात, कारण अंगातला साठा नंतर भरतो. आकडा हललाच नाही तर डोस वाढवत बसू नका, बी-१२ आणि अंगावरून जाण्याची तपासणी पुन्हा करून घ्या.