ग्रिडच्या खान्यात टायपिंग अडतंय? या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी हळदीच्या पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचा, प्रोग्राम केला होता. सी-शार्प भाषा, विंडोजच्या खिडक्या बनवणारं विनफॉर्म्स आणि एक डेटाग्रिडव्ह्यू, म्हणजे खान्यांचा तक्ता (ग्रिड): शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर. पहिल्याच सौद्याला दिवाणजींचा फोन आला, "साहेब, एकदा वजन टाकलं की खालच्या ओळीत नावच उमटंना झालंय."

चूक माझीच होती. खान्यात लिहायला लागलं की ग्रिड त्यावर एक टेक्स्टबॉक्स आणून बसवतो आणि कळ त्यालाच मिळते. म्हणून ग्रिडच्या कीप्रेसला (अक्षर टाइप झाल्याच्या घटनेला) लिहिलेला कोड लिहिताना चालतच नाही. हँडलर, म्हणजे त्या घटनेला चालणारा कोड, खाना लिहायला उघडताना येणाऱ्या एडिटिंगकंट्रोलशोइंगमध्ये लावावा लागतो. तो मी लावला होता. पण मजकुराच्या सगळ्या कॉलमना ग्रिड तोच टेक्स्टबॉक्स फिरवून वापरतो, हे विसरलो. वजनासाठी लावलेला ‘फक्त आकडे’ हँडलर नावाच्या खान्यातही चिकटून राहिला, आणि प्रत्येक वेळी त्यात एकेकाची भर पडत गेली. आधी हँडलर काढा, मग चालू कॉलम पाहा, आणि वजन किंवा दर असेल तरच पुन्हा लावा. आकडे गाळताना कंट्रोल कॅरेक्टर (न उमटणारी, हुकमाची अक्षरं) सोडून द्या, नाहीतर बॅकस्पेसही बंद पडतो.

दुसरी चूक खास आपल्याकडची, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. नाव मराठीत लिहून झालं, कीबोर्डची भाषा बदलायची राहिली, आणि वजनात देवनागरी ‘४७’ आलं. अक्षर आकडा आहे का हे तपासणारं ‘चार.इझडिजिट’ (Char.IsDigit) त्याला आकडाच म्हणतं, कारण युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) हिशेबात तो आकडाच आहे. पण मजकुराची संख्या करणारं डेसिमल.पार्स तिथेच एरर देतं. मराठी आकडे अडवू नका, बदलून घ्या. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. म्हणजे २४०६ ते २४१५ मधल्या प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून २३५८ वजा करायचे. कीप्रेसमध्ये ई.कीचारला (e.KeyChar, म्हणजे दाबलेलं अक्षर) नवी किंमत देता येते, त्यामुळे दिवाणजींना भाषा बदलत बसावं लागत नाही. मात्र माउसने पेस्ट केलेला मजकूर कीप्रेसमधून जातच नाही. तेव्हा हेच छोटं फंक्शन खाना सोडताना तपासणाऱ्या सेलव्हॅलिडेटिंगमध्ये आणि लिहिलेल्याची किंमत करणाऱ्या सेलपार्सिंगमध्येही वापरा.

कीडाउनवरून (कळ खाली दाबल्याच्या घटनेवरून) अक्षर ओळखू नका. तिथे फक्त कळ समजते; इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये ‘एच’ची कळ दाबली की ‘प’ उमटतो.

एंटर दाबल्यावर ग्रिड खाली जातो, आणि पट्टी लिहिणाऱ्याला उजवीकडे जायचं असतं. लिहिताना एंटर कीडाउनमध्ये पकडायला गेलात तर हाती लागत नाही. ग्रिडचा आपला क्लास करून प्रोसेसडायलॉगकी ओव्हरराइड करा, म्हणजे त्याच्या जागी आपला कोड लिहा. खाना नुसता निवडलेला असताना हेच काम प्रोसेसडेटाग्रिडव्ह्यूकीमध्ये. एस्केपला हात लावू नका, पहिलं लिहिलेलं परत आणणं ग्रिडला नीट जमतं.

बेरीज प्रत्येक अक्षराला येणाऱ्या टेक्स्टचेंज्डवर करू नका, अर्धवट आकड्याचा हिशेब लागतो. खाना लिहून झाल्यावर येणाऱ्या सेलएंडएडिटवर करा.

आणि सेव्ह. टूलस्ट्रिपवरचं (वरच्या बटणांच्या ओळीतलं) बटण दाबलं तरी ते फोकस घेत नाही, त्यामुळे शेवटचा खाना लिहिण्याच्या अवस्थेतच राहतो आणि त्या पोत्यांचा दर जुनाच साठवला जातो. शेतकऱ्याच्या हातात चुकीची पट्टी जाते. सेव्हच्या पहिल्या ओळीत ग्रिडचं एंडएडिट बोलवा, ग्रिडला डेटाशी जोडणारा बाइंडिंगसोर्स असेल तर त्याचंही. ग्रिडकडून फॉल्स (जमलं नाही) आलं, तर सेव्ह तिथेच थांबवून तो खाना दाखवा.