सातवी-आठवीनंतर हायस्कूल: शाळा उघडण्याआधी काय काय करायचं

नागपुरात महापालिकेच्या आणि आसपासच्या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीला संपतात. मग नवं हायस्कूल ठरलं की पालक आधी ट्यूशन शोधायला लागतात. खरं तर पहिल्या महिन्यात मूल अडतं ते कागदपत्रं, जाणं-येणं आणि झोप यांपायी. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. हे जादाचे दिवस याच कामांना द्या.

सगळ्यात आधी टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. ती हातात घेण्यापूर्वी जुन्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीतली नोंद स्वतः वाचा. मुलाचं, आईचं आणि वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात हे सगळं पाहा. जन्मदाखला आणि आधार कार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. काना-मात्रेचा फरक दिसला तरी तिथेच लेखी अर्ज द्या. मूल त्या शाळेच्या पटावर आहे तोवर दुरुस्ती सोपी असते, नाव कमी झालं की तेच काम फार किचकट होतं. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म शाळेच्या नोंदीवरून भरला जातो आणि जात पडताळणीतही हीच नोंद मागतात, म्हणून इथे घाई नको. मूळ टीसी नव्या शाळेत जमा होते, तेव्हा आधीच चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. सरकारच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलवरच्या ऑनलाइन ट्रान्सफरचंही विचारा: नवी शाळा विनंती पाठवते, जुन्या शाळेने ती मंजूर करावी लागते. कागदावर प्रवेश झाला आणि पोर्टलवर नाव जुन्याच शाळेत राहिलं, तर शिष्यवृत्तीच्या वेळी अडचण येते.

उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढा. जूनमध्ये दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशांमुळे सेतू केंद्रावर गर्दी उसळते. मूल आठवीत सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवाच. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न. सातवीत 55 टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी 50.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागेवर खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे आधीच ध्यानात घ्यावं: मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपर्यंतच आहे. नववीची फी किती, ते आठवीच्या वर्षी दिवाळी झाली की लगेच शाळेला विचारा. परवडणार नसेल तर अनुदानित शाळेत जागा पाहायला हातात वेळ राहतो.

आता जाणं-येणं. शाळा उघडण्याआधी दोनदा, शाळेच्याच वेळेला, मुलाला त्या रस्त्याने नेऊन आणा. पहिल्यांदा तुम्ही पुढे, दुसऱ्यांदा मूल पुढे आणि तुम्ही मागे. ‘आपली बस’ (शहर बस) किंवा मेट्रो असेल तर कुठे चढायचं, बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मेट्रो इंटरचेंजवर कोणती लाइन पकडायची, बस चुकली तर दुसरा मार्ग कोणता, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, तो शाळेमार्फत घ्या. सायकल असेल तर ब्रेक आणि मागचा रिफ्लेक्टर तपासा, कारण पावसाळ्यात संध्याकाळी लवकर अंधारून येतं. ट्यूशनला जायला गाडी मात्र देऊ नका. 16 वर्षांखालच्या मुलाला लायसन्स मिळतच नाही, आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

उन्हाळ्यात कूलरपुढे रात्री बारापर्यंत जागलेलं मूल सकाळच्या शिफ्टला पहिल्याच तासाला पेंगतं. एका रात्रीत झोप सरकत नाही. दर दोन-तीन दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे आणा, म्हणजे तीन आठवड्यांत पावणेदोन-दोन तासांचा फरक पडतो. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते.

अभ्यासात नवव्या वर्गाचे धडे आधी उरकू नका, मागची गळती बुजवा. अपूर्णांक, ऋण संख्या, विस्तारसूत्रं आणि अवयव यांतल्या प्रत्येकावर दहा उदाहरणं कुणाच्याही मदतीशिवाय सोडवायला द्या. सातपेक्षा कमी बरोबर आली तर तो घटक पुन्हा शिकवा. नववीत गणिताचे दोन भाग होतात आणि या पायावाचून दोन्ही जड जातात. सेमी-इंग्रजीत जाणाऱ्या मुलाने गणित-विज्ञानातल्या रोजच्या संज्ञा आधी इंग्रजीत वाचून ठेवाव्यात. हिंदी घ्यायची की संयुक्त हिंदी-संस्कृत, हे त्याच्याशी बोलून ठरवा.

आठवीपर्यंत शाळेतून मिळणारी पुस्तकं नववीला विकत घ्यावी लागतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत आहेत, पण रोजच्या वापराला छापीलच बरी. वह्या शिक्षकांनी सांगेपर्यंत थोड्याच घ्या. भरलेलं दप्तर वजन करून पाहा: 40 किलोच्या मुलाला 4 किलो पुरे, आणि त्यातला एक किलो लिटरभर पाण्याचाच असतो. तरी आपल्याकडच्या उकाड्यात पाणी कमी करू नका, वह्या कमी करा. रात्री वेळापत्रक पाहून दप्तर मुलानेच भरायचं. पहिला आठवडा तुम्ही शेजारी बसा, पण हात लावू नका.