तीन मेंढ्यांचं अक्षर कोशात कसं शोधाल

जुन्या चिनी लिपीत एक अक्षर आहे: वर एक मेंढी, खाली शेजारी शेजारी दोन. आमचं गाव पट्टणकोडोलीच्या बाजूला, घरात पिढ्यान्‌पिढ्या बकरी (आम्ही मेंढरांना बकरीच म्हणतो). कोल्हापुरात राहायला आल्यावर हे अक्षर पहिल्यांदा पाहिलं आणि वाटलं, कळप! चुकलं. म्हणून आधीच सांगतो, चित्रावरून अर्थ ठरवू नका. तीन झाडं म्हणजे घनदाट रान, हे जुळतं. पण तीन बैल म्हणजे उधळणं आणि तीन मासे म्हणजे ताजेपणा.

चिनी कोशात अक्षरं मूळ घटकाखाली लावलेली असतात. १७१६ च्या खांग्शी कोशात ४७,०३५ अक्षरं आहेत, घटक मात्र २१४. एकच घटक तीनदा आला असेल तर तोच धरायचा. मेंढीचा क्रमांक १२३. आता रेघा मोजा: शिंगांच्या दोन, आडव्या तीन, उभी एक. झाल्या सहा. तीन मेंढ्यांच्या अठरा. त्यातून घटकाच्या सहा वजा करा. १२३ व्या घटकात बारा रेघांच्या यादीत अक्षर सापडेल. पेन्सिलीने काढत काढतच मोजा, नुसत्या नजरेनं हमखास चुकतं. उच्चार शान, सूर उंच आणि सपाट.

अर्थासाठी आणखी मागे जा. शू शेन यांच्या इ.स. १०० च्या सुमारास रचलेल्या कोशात लिहिलंय: मेंढीचा वास. ते वाचलं आणि उठून आजोबांचं घोंगडं नाकाला लावलं. पावसात भिजलेली बकरी वाघरीत (जाळीच्या कुंपणात) दाटून बसली की रात्रभर येतो, तोच वास!

आजचा कोश तुम्हाला त्याच उच्चाराच्या दुसऱ्या अक्षराकडे पाठवेल. त्यात डावीकडे मांसाचा घटक असतो. गोंधळू नका, शब्द तोच आहे.

शू शेन यांच्या कोशात या अक्षराचा वेगळा विभागच आहे. त्यातलं दुसरं अक्षरही बघाच: याच तीन मेंढ्या, पण छपराखाली. अर्थ, मेंढ्या एकमेकींत मिसळणं; पुढे त्यातूनच भेसळ हा अर्थ आला. मेंढपाळांचे दोन वाडे (तळ) एका रानात बसले की आमची-त्यांची बकरी अशीच मिसळायची, आणि आजोबा पहाटे कानावरची खूण बघून आपली वेगळी काढायचे.