मागीलदारी डेक: सागवान की कॉम्पोझिट?

मी गोव्यात पेडण्याकडे सुतारकाम करतो. डेक, म्हणजे वाशांवर फळ्या ठोकून केलेला ओटा, घालायचा म्हटला की लोक आधी दर विचारतात. मी आधी जागा बघतो. वर छप्पर आहे का, दुपारचं ऊन किती, समुद्र किती जवळ.

छपराखाली असेल तर सागवानच घाला. घेताना फळीचं कापलेलं टोक बघा. तपकिरी गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, कडेचा पिवळट-पांढरा भाग मात्र लवकर सडतो. तो बोटभर जरी दिसला तरी फळी परत करा, दुकानदार काहीही सांगू दे. वार्निश नको. त्याचा पापुद्रा सुटतो आणि खाली पाणी अडकतं. तेल लावा, मे महिन्यात आणि पुन्हा पाऊस सरल्यावर. आपल्याकडे होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावत आले आहेत. खालच्या वाशांना ते उत्तम. हातमोजे मात्र घालाच, कातडी भाजते.

उघड्यावर, आणि दरवर्षी तेल लावायला घरात कुणी नसेल, तर कॉम्पोझिट घ्या. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून ते बनतं, म्हणून शेवाळ त्यावरही धरतं. ब्रशने घासावं लागतं. गडद रंगावर मे महिन्यात अनवाणी पाय ठेववत नाही, फिकट रंग निवडा. माडाखाली पोकळ फळी नकोच, नारळ पडला की तडकते. नमुन्याचा तुकडा मागून घ्या, जाडी मोजा, दोन दिवस बादलीत बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. फुगला तर तो माल आपल्या पावसाचा नाही. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो.

बसवताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. लाकूड पावसात रुंदीला फुगतं, कॉम्पोझिट उन्हात लांबीला वाढतं. म्हणून सागवानाच्या दोन फळ्यांमध्ये ५-६ मिलिमीटर फट सोडा. कॉम्पोझिटला तीही हवी आणि टोकांनाही हवी, कारण १० फुटी फळी भर उन्हात ३-४ मिलिमीटर लांबते. टोक भिंतीला टेकवलं तर ती मधे उचलते.

दोन्हींत खालचा सांगाडा सारखाच महत्त्वाचा, आणि नेमकी तिथेच काटकसर होते. कॉम्पोझिटखाली वाशांतलं अंतर १६ इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर फळी झोल खाते. सांगाडा मातीवर टेकवू नका. चिऱ्यावर उचलून घ्या, खालून वारा खेळला पाहिजे. किनाऱ्याजवळ स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच मागा. साधे स्क्रू खाऱ्या हवेत गंजतात आणि फळी शाबूत असतानाच सुटते.